डॉन सिप्रियानोकडे ठेवलेलं राज्य

आमच्या सान तादेओत कुणी परगावी निघालं की आधी डॉन सिप्रियानो लोबातोंच्या दारात जायचं. घराच्या चाव्या, कोंबड्या, चांदीचे चमचे, सासूच्या कानातलं, जे काय मागे राहणार असेल ते त्यांच्या हवाली करायचं आणि मग खुशाल खेचरावर बसायचं. शहर म्हणायला राजधानीचं, पण इथे पेढी नव्हती. एकदा निघाली होती, तर तिचा मालकच सगळ्यांच्या आधी परगावी गेला, तो अजून यायचाय. तेव्हा भरवसा टाकायचा तर मेणबत्त्या करणाऱ्या या माणसावर, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

माणूस सज्जन. सज्जन म्हणजे किती, तर नोटरीची बायको डोन्या पेत्रोनिला एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताच्या यात्रेला गेली तेव्हा चीजचा एक गड्डा त्यांच्याकडे ठेवून गेली. तिकडे बाई बहिणीकडे आजारी पडली आणि वर्षभराने परतली. तोवर त्या गड्ड्याने असा काही सूर धरला होता की गल्लीतले लोक खिडक्या लावून जेवत. डॉन सिप्रियानोंची बायको डोन्या सातुर्निना हात जोडून सांगत होती की अहो, डुकराला तरी घाला. पण छे! दुसऱ्याची ठेव, तिला हात लावायचा नाही म्हणजे नाही. पेत्रोनिलाबाई आल्या तेव्हा त्यांनी तो गड्डा दोन्ही हातांवर धरून परत केला आणि म्हणाले, बघून घ्या, जसा दिलात तसाच आहे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाने आलं यावर गावात एकमत झालं नाही.

अशा माणसाला राजकारणात कोण नेईल? पण आमच्या प्रजासत्ताकाची तऱ्हाच वेगळी. आमच्याकडे राज्यघटना सदऱ्यासारख्या बदलत, पण एक कलम प्रत्येक घटनेत असायचंच: राष्ट्राध्यक्ष राजधानीबाहेर पडला, लढाईला म्हणा, मळ्यावर म्हणा, की त्याने आपली सत्ता एखाद्या सिनेटरकडे ठेवून जायची आणि परत आल्यावर मागून घ्यायची. कलम चांगलं होतं, पण परत देणारे मिळत नव्हते. एका राष्ट्राध्यक्षाने मेव्हण्याकडे सत्ता ठेवली, तर खेचराच्या टापांची धूळ बसायच्या आत मेव्हण्याने स्वतःच्या नावाने तोफा उडवल्या. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या, बहिऱ्या सिनेटरकडे ठेवली, तर म्हाताऱ्याला त्याच दिवशी ऐकू यायला लागलं.

जनरल बेलिसारिओ उर्कीया गादीवर आले तेव्हा त्यांनी हा सगळा इतिहास पाहिलेला होता, त्यातला थोडा घडवलेलाही होता. त्यांनी विचारलं, या शहरात ठेवलेली वस्तू परत देणारा कुणी आहे का? एक बोट मेणबत्त्यांच्या दुकानाकडे गेलं, दुसरं गेलं, आणि महिनाभरात डॉन सिप्रियानो सिनेटर झाले. निवडणूक झाली म्हणतात. कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही.

तेव्हापासून जनरलसाहेबांचं यकृत दुखू लागलं की राज्य मेणबत्तीवाल्याकडे यायचं. आणि ते यकृतही मोठं मुत्सद्दी होतं बरं का. दारूवर कर बसवायचा म्हटलं की दुखायचं, बिशपशी भांडण निघालं की दुखायचं, शेजारच्या देशाचा वकील पैसे मागायला आला की जनरल थेट अंथरुणाला खिळायचे, आणि ते अंथरूण कायम एल होकोते नावाच्या त्यांच्या मळ्यावर असायचं.

डॉन सिप्रियानोंनी राज्य सांभाळलं ते चीज सांभाळलं तसंच. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. तिच्यावर धुतलेलं कापड घालायचे आणि शेजारी घरून आणलेल्या तिपाईवर बसायचे. छातीवरचा निळा-पांढरा पट्टा त्यांनी एकदाही अंगावर घातला नाही. तो घडी करून देवदाराच्या पेटीत ठेवायचे, कसर लागू नये म्हणून. मंत्री सहीला काही घेऊन आले की ते हात पाठीमागे बांधून म्हणायचे, जनरल आल्यावर. पूल पडला तरी जनरल आल्यावर, दोन गावांत गाईवरून मारामारी झाली तरी जनरल आल्यावर. त्या दिवसांत नवा कर बसत नसे आणि नवी लढाई सुरू होत नसे. बाजारातल्या बायका मनोभावे मेणबत्ती लावायच्या की देवा, जनरलचं यकृत असंच दुखतं ठेव. मेणबत्त्याही डॉन सिप्रियानोंच्याच दुकानातल्या, तेव्हा धंद्यालाही बरकत.

जनरल परतले की डॉन सिप्रियानो दारातच पट्टा, मोहोर आणि खुर्चीवरचं कापड तबकात घालून पुढे करायचे. "बघून घ्या, जनरलसाहेब. होतं तसंच आहे." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते सणाच्या दिवशी संतांच्या मूर्तीलाही येत नसे. बाकी आयुष्यात या माणसाला दुसरा कसला अभिमान नव्हता, आणि हा एकच त्यांना बुडवणार होता.

आता लिसान्द्रोचं ऐका. देवळाच्या कमानीखाली केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तामाले विकणारी युफ्रासिया ही विधवा, तिचा हा एकुलता एक. बाप्तिस्म्याच्या वेळी डॉन सिप्रियानो त्याचे धर्मबाप झाले होते, म्हणून तो त्यांना पाद्रीनो म्हणायचा. युफ्रासिया आणि ते एकमेकांना कोमाद्रे आणि कोंपाद्रे म्हणायचे, आणि आमच्याकडे हे नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट. सख्ख्या भावाशी भांडाल, कोंपाद्रेशी नाही. पोरगं गिटार फार गोड वाजवायचं. तेवढं सोडलं तर कामाचं नव्हतं, पण गावाला कामाची माणसं कुठे आवडतात? लिसान्द्रो आवडायचा. डॉन सिप्रियानोंना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, त्यांचा तर जीव होता त्याच्यावर.

संत तादेओच्या जत्रेला सैन्यभरतीवाल्यांनी त्याला देवळाच्या पायरीवरून उचललं. आमच्या सैन्यात सगळे स्वयंसेवकच असतात, फक्त त्यांना दोरीने बांधून आणावं लागतं. लिसान्द्रो बराकीतून पळाला. लढाईला भिऊन नव्हे, एका लग्नात वाजवायचं कबूल केलं होतं म्हणून. धरून आणला, फटके मारले, तर बारशाच्या जेवणाला पुन्हा पळाला. पुन्हा सापडला तेव्हा कर्नल बाराओनाने लष्करी न्यायालय बसवलं. कर्नलचं म्हणणं, शिपाई पिसवांसारखे उड्या मारून पळतायत, एकाला तरी भिंतीशी उभा केल्याशिवाय सैन्य राहणार नाही. शनिवारी सकाळी गोळी घालायची असं ठरलं.

जनरलसाहेबांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. पोराला सोडावं तर कर्नल बिथरणार, आणि बिथरलेला कर्नल काय करतो हे जनरलना पक्कं ठाऊक होतं, कारण ते स्वतः तसेच गादीवर आले होते. गोळी घालावी तर सारा बाजार उलटणार. बिशपने तर प्रवचनातच दयेवर दोन तास घेतले होते. अशा वेळी माणसाने काय करावं? त्यांचं यकृत दुखू लागलं.

राज्य सोपवायला ते पायात स्वारीचे बूट घालूनच आले. गाल गुलाबी, हात पोटाच्या डाव्या बाजूवर. यकृत उजवीकडे असतं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, डॉन सिप्रियानोंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "त्या लिसान्द्रोचे तुम्ही धर्मबाप ना?"

"हो, जनरलसाहेब."

"तुमचं मन मऊ आहे. मला ठाऊक आहे. म्हणूनच तुमच्या हाती देऊन चाललोय." एवढं बोलून त्यांनी हात असा दाबला की बोटं दुखली, आणि ते मळ्याकडे निघून गेले.

आता हे वाक्य तुम्हाला कळलं, मला कळलं, दाराबाहेरच्या पहारेकऱ्यालाही कळलं. कळलं नाही ते एकाच माणसाला. डॉन सिप्रियानो घरी आले ते पांढरेफटक पडून. सातुर्निनाबाईंना म्हणाले की जनरल माझी परीक्षा बघतायत. मन मऊ आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणजे मी ठेवीला हात लावीन अशी त्यांना शंका आहे.

"अहो, सोडवा म्हणतायत ते पोराला," सातुर्निनाबाई म्हणाल्या.

सोडवा म्हणायचं असतं तर सोडवा म्हणाले असते, तोंड नाही का त्यांना, असं यांचं उत्तर. बाई म्हणाल्या, राजकारणी माणसाचं तोंड खायला असतं, सांगायला नसतं. त्याला साप मारायचा असतो आणि काठी आपली मोडायची नसते. तुम्ही ती काठी व्हा, एकदा मोडा, काय बिघडलं? पण डॉन सिप्रियानो ऐकतील तर शपथ. एवढी वर्षं परत दिलं ते अख्खं परत दिलं, आता एक गुन्हेगार कमी करून परत देऊ? उद्या लोक म्हणतील, स्वतःच्या माणसाची वेळ आली तेव्हा याचा हात पेटीत गेलाच. बाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या माजघरात निघून गेल्या.

युफ्रासिया दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारवाड्यात आली. नेहमीसारखी तामाल्यांची टोपली डोक्यावर होती. पहारेकऱ्यांनी दोन काढून घेतले आणि तिला आत सोडलं. रडली नाही, पाया पडली नाही. झाकलेल्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, मग तिपाईवरच्या माणसाकडे.

"कोंपाद्रे, एक सही द्या."

त्यांनी तिला समजावून सांगितलं की कोमाद्रे, ही सही माझी नव्हे, जनरलची आहे, माझ्याकडे नुसती ठेवलेली आहे. माझं काहीही मागा, दुकान मागा, घर मागा, हा जीव मागा, आत्ता देतो. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते खोटं नव्हतं. हा माणूस पोरासाठी खरंच मेला असता. नुसती सही करायची तेवढी त्याला जमत नव्हती.

"तुमचं घर घेऊन मी काय करू?" युफ्रासिया म्हणाली. "मी तुमचं काही मागत नाही, दुसऱ्याचंच मागतेय. दुसऱ्याच्या खिशातलं दान करणारे मी पुष्कळ बघितलेत, कोंपाद्रे. तुम्हाला तेवढंही होत नाही?"

शेवटी त्यांनी एक तोड काढली. मळ्यावर घोडेस्वार पाठवून जनरलनाच विचारायचं. स्वार गेला आणि संध्याकाळच्या आत घामाघूम होऊन परत आला. जनरल झुल्यात पडून संत्री खात होते म्हणाला. प्रश्न ऐकून त्यांनी एक बी थुंकली आणि म्हणाले, ज्याच्या हाती सत्ता आहे त्यानेच ठरवायचं, मला आजारी माणसाला कशाला त्रास देता? असा निरोप आल्यावर गाढवानेसुद्धा सही केली असती. डॉन सिप्रियानोंनी डोळे मिटले आणि ते बायकोला म्हणाले, बघितलंस, दुसऱ्यांदा परीक्षा घेतली.

शुक्रवारी ते तुरुंगात गेले. पट्टा आणि मोहोर वाड्यात कुलूपबंद करून गेले, साधा माणूस म्हणून गेले, नाहीतर ठेवलेलं राज्य तुरुंगात फिरवून आणल्यासारखं व्हायचं. बरोबर गोड पाव आणि स्वतः ओतलेली एक जाड मेणबत्ती होती. लिसान्द्रो हसत उठला. त्याला वाटलं, सुटलो. मग त्याने त्यांच्या हातातली मेणबत्ती पाहिली आणि हळूच परत खाली बसला.

"पाद्रीनो, तुम्ही आज राष्ट्राध्यक्ष ना?"

"नाही रे बाळा. मी फक्त सांभाळतोय."

"मग मलाही सांभाळा की," पोरगं म्हणालं, आणि पाव खाऊ लागलं.

शनिवारी सकाळी कब्रस्तानाच्या भिंतीशी ढोल वाजले आणि मग बंदुका. वाड्यात ऐकू आलं. डॉन सिप्रियानो तिपाईवर होते, हात मांडीवर, ओठ पुटपुटत. थोड्या वेळाने कर्नल बाराओना आत आला आणि त्याने टाच आपटून सलाम ठोकला. आजवर त्याने या माणसाला कधी मान हलवून ओळखही दिली नव्हती. म्हणाला, मला वाटलं होतं महामहीम नुसतेच मेणबत्तीवाले आहेत, पण पोलादाचे निघाले. लोबातोंच्या घराण्यात पोलादाचं कुणी कधी झालं नव्हतं. सातुर्निनाबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही.

जनरल त्याच दुपारी घोडा फेकत आले. यकृत वाटेत कुठे पडलं कोण जाणे. दारात डॉन सिप्रियानो तबक घेऊन उभेच होते: पट्टा, मोहोर, कापड. चेहरा सुजलेला होता, पण पाठ ताठ होती.

"बघून घ्या, जनरलसाहेब. होतं तसंच आहे."

जनरलनी तबक घेतलं नाही. त्यांना दंडाला धरून खिडकीशी नेलं आणि दात आवळून विचारलं, "मी त्या माशा घोंगावणाऱ्या मळ्यात कशाला जाऊन बसलो होतो, असं वाटलं तुम्हाला?"

डॉन सिप्रियानो म्हणाले, "यकृत दुखतं म्हणून."

जनरलनी त्यांचा दंड सोडला. भल्याभल्या लबाडांना त्यांनी आयुष्यभर बोटावर नाचवलं होतं, पण असा माणूस त्यांच्या वाट्याला आला नव्हता. ते म्हणाले, "अहो, तुम्ही त्याला सोडणार, मी येऊन तुमच्यावर ओरडणार, कर्नल गप्प बसणार, पोरगं जगणार. धर्मबाप होतात तुम्ही त्याचे. तेवढ्यासाठी तर तुमच्याकडे ठेवलं होतं."

ते तबक डॉन सिप्रियानोंच्या हातातून पडलं नाही. ठेव होती ना ती. त्यांनी ते नीट खुर्चीवर ठेवलं, कापडाची घडी सारखी केली, तिपाई उचलली आणि ते घरी गेले.

जनरलचं मात्र तसं काही बिघडलं नाही. मुत्सद्दी माणसाला कुठलंही प्रेत वाया घालवायचं नसतं. संध्याकाळी त्यांनी सज्जात उभं राहून चौकातल्या गर्दीला सांगितलं की मी आजारी असताना, माझ्या माघारी हे झालं. मी असतो तर या हाताने माफी लिहिली असती. त्यांनी डोळे पुसले. बाजारही रडला, कर्नलही समाधानी राहिला, आणि बिशपने जनरलना आशीर्वाद दिला. शिव्या सगळ्या एका घराकडे वळल्या. डॉन सिप्रियानोंनी जनरलचं खिडकीतलं बोलणं बायकोखेरीज कुणालाही सांगितलं नाही. सातुर्निनाबाई म्हणाल्या, जाऊन सांगा चौकात. ते म्हणाले, मला विश्वासाने सांगितलंय. बाईंच्या जागी मी असते तर तेव्हाच लाटणं घेतलं असतं. बाईंनी नुसतं त्यांना शेजारी बसवून कॉफी पाजली.

सोमवारपासून लोक यायला लागले. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही. आपली कोंबडी मागितली, चाव्या मागितल्या, चमचे मागितले. डोन्या पेत्रोनिला कानातलं घेऊन गेल्या आणि दारात थुंकून गेल्या. डॉन सिप्रियानो एकेक वस्तू पुसून देत होते. कोंबड्या तर आल्या होत्या त्याहून जाड झाल्या होत्या. आठवड्याभरात मागची खोली रिकामी झाली. ज्या खोलीत पाऊल टाकायला जागा नसायची तिथे नुसत्या फळ्या उरल्या.

सगळ्यांच्या शेवटी युफ्रासिया आली. डोक्यावर टोपली नव्हती. डॉन सिप्रियानो उठून उभे राहिले, तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस झालं नाही म्हणून फळ्यांकडे बघू लागले. मग त्यांच्या मनाने जी एकच वाट ओळखीची होती ती धरली.

"कोमाद्रे," ते म्हणाले, "तुमचं माझ्याकडे ठेवलेलं काही नाही ना?"

"होतं," युफ्रासिया म्हणाली. "बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवलं होतं. तेच न्यायला आलेय."

आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसून राहिली. सातुर्निनाबाईंनी पाणी आणून दिलं, ते तिने घेतलं. डॉन सिप्रियानो रिकाम्या खोलीत गेले, एक फळी हाताने चाचपली, मग दुसरी, मग तिसरी, आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आले नाहीत.